ओळखीचा अडॅप्टर

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत. भिंतीतल्या नेटवर्कच्या कुठल्याही सॉकेटला अनोळखी यंत्र जोडलं की ते सॉकेट बंद पडे आणि तिच्याशिवाय कुणाला उघडता येत नसे. ही व्यवस्था तिनेच बसवली होती. आज ती तपासायला बाहेरून तपासनीस आला होता. तो पास करून गेला की विभागप्रमुखाची खुर्ची तिची, असं साहेबांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं.

तपासनिसाने स्वतःचा लॅपटॉप स्वतःच्याच अडॅप्टरने खिडकीजवळच्या सॉकेटला लावला. हिरवा दिवा लागला, लगेच विझला.

"चिटपाखरू शिरत नाही," साहेब म्हणाले.

तपासनीस लॅपटॉप घेऊन पुढच्या टेबलाकडे सरकला. तिथे तिचा दीर नकाशे काढत बसला होता.

"अहो, तुमचा अडॅप्टर गंडलाय," दीर म्हणाला. "माझा घ्या."

या ऑफिसात अडॅप्टर म्हणजे पेनासारखी वस्तू. नव्या चपट्या लॅपटॉपना नेटवर्कची वायर खुपसायला जागाच नाही, ती अडॅप्टरमधूनच जोडायची, आणि अडॅप्टर माणसांच्या निम्मेच. त्यामुळे मागणाऱ्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

तपासनिसाने तो लावताच दिवा लागला. विझला नाही. तपासनिसाच्या पडद्यावर ऑफिसातल्या फायली भराभर उघडू लागल्या.

चूक तिच्या लक्षात आली. लॅपटॉपची नोंदणी करताना नेटवर्कने दाखवला तो क्रमांक तिने ओळख म्हणून धरला होता. तो लॅपटॉपचा नव्हता, अडॅप्टरचा होता. पहारेकरी चेहरा सोडून चपला ओळखत होता.

"बाईंनी उघडून दिलं वाटतं," साहेब हसत म्हणाले.

तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही उघडलंत?"

हो म्हटलं असतं, तर निभावून गेलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "भाऊजींचा अडॅप्टर कुणीही लावला तरी ते उघडेल. चूक माझी आहे."

तपासनिसाने लॅपटॉप मिटला. "दुरुस्त करा, मग बोलवा."

साहेब त्याला दारापर्यंत सोडायला गेले. परतताना ते तिच्या टेबलाजवळून गेले, पण थांबले नाहीत.

"वहिनी, मी आपलं चांगुलपणा म्हणून दिला," दीर पुटपुटला. "दादा आता माझी सालटी काढणार."

"इथे सगळेच देतात, भाऊजी. तेच मी हिशेबात धरलं नव्हतं." तिने खुर्ची ओढली. "तुमचा लॅपटॉप इकडे करा. ओळख आता त्याच्या पोटात घालायची, शेपटीत नाही."

"फक्त माझ्या?"

"सगळ्यांच्या. तुमच्या दादांना फोन करा, आपल्याला उशीर होईल म्हणावं."

"आपल्याला?"

"मग लॅपटॉप उचलून कोण आणणार?"