वर गोड, तळाशी मीठ

चैत्राची दुपार. पांढरी. इतकी पांढरी, की आभाळ कुठं संपतं आणि मिठागर कुठं सुरू होतं, हे उडत्या बगळ्यालाही उमगू नये.

खाडीकाठी वाफे. वाफ्यांत पाणी. पाण्यात निश्चल, निःशब्द, नितळ ऊन. आणि उन्हाच्या तळाशी, कुणाच्या नजरेस न पडता, दाण्यावर दाणा बसत चाललेलं मीठ.

सारं थांबलेलं. एक चांगुणा तेवढी थांबत नव्हती.

बांधावरून ती जाई. बांधावरून ती येई. वाके, पाण्यात बोट बुडवी, चोखी, पश्चिमेकडं पाही. पश्चिम काही बोलत नसे. पुन्हा जाई. पुन्हा येई. तिच्या पावलांनी बांधाची माती अशी मळली होती, की जणू तिथं एखादं बिथरलेलं जनावर बांधलं होतं.

वाफा एकच उरला होता. वर्षाचा शेवटचा.

बाकीचे असे गेले :

मोबाइल म्हणाला, येणार. तिनं आणि नवऱ्यानं घाईनं मीठ ओढलं. कोवळं मीठ, पिठासारखं, दाणा न धरलेलं. बर्फाच्या कारखान्याला गेलं. आभाळ कोरडंच.

मोबाइल म्हणाला, येणार. पुन्हा ओढलं. पुन्हा कोरडं.

मोबाइल म्हणाला, नाही येणार. आणि एका सकाळी, मीठ होतं तिथं नुसतं पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, आणि आभाळात ढगाचा मागमूस नव्हता.

काय येणार, ते कुणी उच्चारत नसे. आगरावर पावसाचं नाव घेत नाहीत, जसं बाईमाणूस नवऱ्याचं घेत नाही. पावसाला म्हणायचं पाहुणा. नवऱ्याला म्हणायचं अवो. नाव घेऊन हाक मारली, की दोघंही नको त्या वेळी येतात, असं चांगुणाची सासू म्हणायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

शेवटच्या वाफ्याचं मीठ विकायचं नसे. ते घरचं. कैरीच्या फोडींचं, सुकवायच्या मासळीचं, लेकीच्या सासरी धाडायच्या गाठोड्याचं. पण यंदा मडकं रिकामं पडलं, आणि जन्मभर मिठात पाय भिजवलेल्या चांगुणानं गेल्या बाजारी दुकानातली मिठाची पिशवी आणली. पदराखाली झाकून. चोरीचा माल आणावा तशी.

त्या पिशवीचं मीठ आमटीत उतरलं. जिभेवरून उतरलं. मनातून उतरत नव्हतं.

*

सकाळीच हसुरामानं, तिच्या नवऱ्यानं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मोबाइल डोळ्यांजवळ नेला होता.

"दुपारी पावना हाय म्हणतंय. मीठ ओढू."

"दोन उन्हं थांबा. दाना भरतंय आता."

"तुला आभाळानं चिठ्ठी धाडलीय?"

"तुमाला तं रोज धाडतंय. एक तरी खरी निघली काय?"

"अन् तुज्या मुंग्या गो? त्यांची निघली?"

होळीच्या सुमारास मुंग्यांनी अंडी हलवली म्हणून चांगुणानं साऱ्या आगराला ढीग झाकायला लावले होते. पुढचे आठ दिवस ऊन असं तापलं, की पोरंसोरंही तिला मुंगीबाय म्हणू लागली. मुंग्याही चुकत होत्या. वाराही. कुणाचा कुणाला अदमास राहिला नव्हता.

मग दोघांनी ते केलं, जे भांडलेले भाऊ करतात. वाफ्याच्या मधोमध चिखलाचा पाऊलभर रुंद बांध घातला.

अर्धा त्याचा. अर्धा तिचा.

त्यानं आपल्या अर्ध्यातलं पाणी सोडून दिलं, लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढलं, काठावर ढीग केला, ढिगावर पेंढा पांघरला. शुभ्र, सुबक, पण बारीक दाण्याचं.

तिचं अर्धं तसंच. पाण्याखाली. उन्हाखाली. भरवशाखाली.

भरवसा कसला?

*

दुपार आली.

दुपार गेली.

पाहुणा आला नाही.

उन्हं कलली तसा मोबाइल वाजला. त्यानं मत बदललं होतं. आता म्हणत होता, काही नाही.

"वाट चुकला वाटतं तुमचा पावना," चांगुणा म्हणाली. खूप वेळानं तिच्या ओठांच्या कडेला हसू फुटलं.

हसुरामानं ढिगावरचा पेंढा काढून बाजूला ठेवला. ओलसर मिठाला वारा लागू दे म्हणून. संध्याकाळचं ऊन ढिगावर उतरलं, आणि क्षणभर तो ढीग मिठाचा राहिलाच नाही. केशराचा झाला. माणकाचा झाला.

दोघंही पश्चिमेकडं बघत होती. सारं आगर पश्चिमेकडं बघत होतं. येणारा तिकडूनच येतो.

तो डोंगराकडून आला.

पाठीमागून. पूर्वेकडून. मेघश्याम, मत्त, मुका. आधी वारा. वाऱ्याबरोबर लाल धूळ. मग मातीवर एक टपोरा डाग. मग दुसरा. मग मोजणं संपलं.

चांगुणानं हाक मारली : "अवो!" वाऱ्यानं ती हाक तिच्या ओठांवरच खाल्ली.

मग तिनं बेंबीच्या देठापासून ओरडून दोन्ही नावं घेतली.

"हसुराऽम! पाऊऽस!"

*

वरच्या तळ्यात महिनाभर मुरलेलं जड, दाट, खारं पाणी होतं. त्याचं तोंड उघडलं, की ते वाफ्यात शिरून मिठावर पसरतं. पावसाचं गोडं पाणी हलकं. ते वरच्या वर तरंगतं. खाली लवकर उतरत नाही.

चांगुणा त्या तोंडाकडं धावली. धावता धावता तिनं मान वळवली. हसुरामाचा ढीग उघडा. ढिगाच्या पाठीवरून पांढऱ्या धारा. जणू कुणी न बोलता रडतंय.

ती फिरली.

हसुरामाच्या हातात पेंढा होता. त्यानं समोर पाहिलं. तिचा वाफा उघडा. पाण्यावर हजार खळगे, हजार देवीचे व्रण. आणि वरच्या तळ्याचं तोंड बंद.

त्यानं पेंढा टाकला. तो फिरला.

मधोमधच्या चिखलबांधावर दोघं समोरासमोर आली. एका पावलाचा बांध. दोन माणसं. ती त्याच्या मिठाकडं निघालेली. तो तिच्या मिठाकडं निघालेला.

क्षणभर त्यांनी एकमेकांचे दंड धरले. पावसानं त्यांचे चेहरे पुसून टाकले होते. नुसते डोळे उरले होते. मग तशीच धरून, घसरत, सावरत, फुगडीचा अर्धा फेर घ्यावा तशी दोघं वळली. तो तिच्या जागी. ती त्याच्या जागी.

सुटली. धावली.

तिनं त्याच्या ढिगावर पेंढा लोटला, पेंढ्यावर चिखल, चिखलावर दगड, आणि दगड पुरले नाहीत तेव्हा ती स्वतःच आडवी पडली.

त्यानं तळ्याचं तोंड दोन्ही हातांनी उकरलं.

*

आला तसा गेला. निरोप न घेता.

खाडीवर ढगांत एक फट. फटीत तांबूस उजेड. उजेडात ठिबकतं, धापा टाकतं जग. ढीग बसला होता, पण होता.

हसुरामानं प्लास्टिक उलगडलं. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत असताना मोठ्यानं वाचलं, "आज हवामान कोरडं राहील."

"त्याला म्हना, आदी आमचं नाक पूस."

तो हसला. ती हसली. हसता हसता तिचे पाय पुन्हा तिच्या वाफ्याकडं ओढले गेले.

वाफा काठोकाठ. वर पावसाचं पाणी, आरशासारखं. तळ दिसेना.

ती बसली. पाण्याच्या कातडीवर बोट टेकवलं. चोखलं.

गोड.

हसुराम येऊन तिच्या शेजारी बसला.

तिनं बोट खाली नेलं. मुठीइतकं. मनगटाइतकं. काढून चोखलं.

खारट. जिभेला चरका देणारी, जुनी, ओळखीची चव.

मग तिनं श्वास रोखला आणि हात कोपरापर्यंत बुडवला. गोडातून खारात. खारातून काळोखात. काळोखातून तळाशी.

आणि सकाळपासून कुठंच न थांबलेली चांगुणा थांबली.

बोटाला काहीतरी टोचलं. चौकोनी. टणक. तिचं.