बिनतुळईचं छप्पर

शाहू महाराजांच्या अमदानीत शिवाजी पेठेतल्या एका तालमीवर सिमेंटचं छप्पर घालायचं ठरलं. ना तुळई, ना वासे. पोटात लोखंडी सळ्या आणि भोवती सिमेंट, बस्स. ही टूम यज्ञेश्वरपंत ओव्हरसियरांनी मुंबईहून आणली होती. छपराचं गणित त्यांना तोंडपाठ होतं, माणसांचं मात्र त्यांनी केलंच नव्हतं.

सिमेंट ओतणार गौस गवंडी आणि त्यासाठी फळ्यांचा साचा करून खाली टेकू लावणार कृष्णात सुतार. दोघेही कामात वाघ, पण बारा वर्षं एकमेकांशी अबोला. कारण काय, तर एका घराची चौकट भिंतीत बसली नव्हती. चौकट दोन बोटं मोठी होती की जागा दोन बोटं लहान, हे आजतागायत ठरलेलं नाही. असल्या हट्टी माणसांचा मला मनापासून राग येतो. एवढी अक्कल असून ती वापरायची नाही म्हणजे काय?

मग तीन महिने पंत दोघांच्या मध्ये उभे.

"पंत, सुताराला सांगा, फळी एका अंगाला झुकलीया."

"पंत, गवंड्याला म्हणावं, फळी सरळ हाय. तुझी मान वाकडी हाय."

दोघांत अंतर चार हात. तरी पंत प्रत्येक निरोप इमानेइतबारे पोचवायचे, शिव्या गाळून. त्यामुळे निरोप फारच लहान व्हायचे.

छप्पर ओतलं, महिनाभर त्यावर पाणी मारलं, फळ्या उतरवल्या. उरले नऊ टेकू. ते काढायच्या दिवशी तालमीचे वस्ताद दादा आडवे आले.

"खाली माझी पोरं लढणार. तुळई न्हाय, वासा न्हाय, ऱ्हाणार कशावर ह्ये? ज्यानं केलंय त्यो खाली बसू दे. माझी सोळा पोरं वर उड्या मारत्यात. मग बघू."

"बसतो की!" म्हणत गौस आत जाऊन मधोमध मांडी घालून बसला. बोलून गेला खरा, पण तोंड पांढरं पडलं होतं. असलं छप्पर त्यानेही जन्मात पहिल्यांदाच केलं होतं. कोसळलं तर गौस जाणार हे साऱ्या पेठेला कळत होतं, आणि सारी पेठ बघायला आली होती.

कृष्णात दाराबाहेरून दोर लावून एकेक टेकू ओढून पाडत होता. आठ पडले. नवव्याला त्याचा हात थांबला. दोर हातात घेऊनच तो आत शिरला. काही निरोप असेल म्हणून पंत लगबगीने पुढे झाले, तर त्याने त्यांना बाजूला सारलं.

"सरक की जरा," तो गौसला म्हणाला.

बाहेर पेठेने माना उंचावल्या.

"तू कशाला आलास मराया?"

"साचा माझा, टेकू माझं. पडलं तर तू एकटाच मरणार, आन् लोक म्हणणार, सगळं गवंड्यानंच केलं व्हय?"

शेजारी बसून त्याने दोर ओढला. टेकू आडवा झाला. वर सोळा पैलवानांनी धडाधड उड्या मारल्या. छप्पर तसूभरही हललं नाही.

"झालं! उठा आता," दादा ओरडले.

दोघेही उठेनात. शेवटी पैलवानांनी खाली उतरून दोघांना एकदमच उचलून बाहेर आणलं, कारण त्यांनी एकमेकांचे धरलेले हात काही केल्या सुटत नव्हते.