पाचवं नख

नूरबानोबाईंनी भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि बरणीवरच्या निळ्या ड्रॅगनच्या पुढच्या पंजाची नखं तिसऱ्यांदा मोजली. चारच. पाचव्याच्या जागी खरवडल्याचा ओरखडा.

"अंजना, कार्ड वाच."

आखातातल्या, अदलिया वस्तीतल्या त्या व्हिलात एसी घरघरत होता. अंजनाने पेटीतून कार्ड काढलं. बाईंच्या मरहूम नवऱ्याने, साहेबांनी, तीस वर्षं जमवलेली चिनी भांडी या खोलीत होती, आणि एकेका भांड्याची अवस्था कार्डावर लिहून ठेवणं ही अंजनाची नोकरी. गेल्या वर्षीचं ते कार्ड तिच्याच अक्षरातलं होतं.

"प्रत्येक पंजाला पाच नखं," तिने वाचलं. "कुठेही खोट नाही."

"म्हणजे तेव्हा पाच होती. मग बरणी खोक्यात गेली, ती आज निघाली. खोक्यात कोणी भरली?"

दाराशी उभ्या इलियासने घसा साफ केला. रत्नागिरीकडचा हा माणूस अकरा वर्षं इथली बांधाबांध करत होता. "मीच भरली, मॅडम. पन पोरासारकी गुंडालून भरली. वर फोम, खाली फोम."

"मग पोराचं नख कुठे गेलं रे मेल्या?"

इलियास वाकून बरणीचा पंजा बघू लागला.

"चार वाजता प्रदर्शनाचा माणूस बरणी न्यायला येतोय. त्याला काय सांगू? मिंग बादशहाची बरणी माझ्या घरात खरवडली गेली? तुझा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे ना? उद्या व्हिसा कॅन्सल. खलास." बाई उठल्या. असरच्या नमाजाची वेळ झाली होती. दार लागलं.

इलियास स्टुलावर बसला. "लोनच्याची बरनी असती तर आईने दोन शिव्या घातल्या असत्या नि इसरली असती," तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "माजी पोरगी सुहा सातवीत हाय हो इथे. मधेच उचलून गावच्या शालेत कशी घालू?" मग त्याने मान वर केली. "अंजनाबाय, तुमी बगितलेली ना पाच? डोल्यांनी?"

अंजना भांड्यांच्या कपाटाकडे बघत राहिली.

साहेबांनी भांडी चिनी राजघराण्यांच्या क्रमाने लावली होती. वर मिंग, खाली चिंग. साहेबांच्या वहीतून अंजनाने तो सगळा इतिहास पाठ केला होता. मिंग घराण्याचा पहिला बादशहा तिला फार जवळचा वाटे. दुष्काळात आईबाप गेलेलं पोर, बौद्ध विहारात आसरा घेऊन भिक्षापात्र हातात धरून गावोगाव फिरलं आणि पुढे मंगोलांना हुसकावून तख्तावर बसलं. पावणेतीनशे वर्षांनी त्याच घराण्याच्या शेवटच्या बादशहाने राजवाड्यामागच्या टेकडीवर झाडाला गळफास घेतला. मग उत्तरेकडून मांचू उतरले, चिंग घराणं आलं. तेही चढलं, फोफावलं आणि सहा वर्षांच्या मुलाला तख्तावरून उतरवून संपलं.

वहीत असंही होतं, की पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाचा. दुसऱ्या कोणाकडे सापडला तर मान जायची.

गेल्या वर्षी चाळीस कार्डं तिने एका दिवसात संपवली होती. पौर्णिमा होती, उपोसथाचा उपास. लवकर घरी जाऊन बुद्धवंदनेला बसायचं होतं. ही बरणी पुढ्यात आली तेव्हा तिने तळावरचा शिक्का पाहिला. बादशाही. बादशाही म्हणजे पाच. आपल्या भिक्षापात्रवाल्याच्या घराण्याची वस्तू, तिच्यात कमी ते काय असणार? तिने लिहून टाकलं. पंजाकडे नीट पाहिलंच नाही.

आणि रोजच्या वंदनेत ती म्हणत होती, की धम्म स्वतः येऊन, पाहून, पारखून घ्यावा!

"बाय?" इलियासने पुन्हा विचारलं.

"आठवत नाही रे," ती म्हणाली. म्हटल्याबरोबर तिला कळलं, की खोटं न बोलण्याचं चौथं शील आत्ता मोडलं. तिला सगळं आठवत होतं. पण नवऱ्याची, जगदीशची कंपनी बंद होऊन तिसरा महिना लागला होता. माहूजच्या घराचं भाडं, संघप्रियाची शाळा, सगळं या एका नोकरीवर.

चारला पाच मिनिटं असताना घंटी वाजली. प्रदर्शनाचा राजन आत आला. मल्याळी, बारीक अंगाचा, गळ्यात भिंग. नूरबानोबाई त्याच्या मागोमाग आल्या. बसायच्या आधीच हिंदीत म्हणाल्या, "राजनभाई, शर्म की बात है. हमारे आदमी ने पॅकिंग में बरनी खराब कर दी. उसको निकाल रही हूँ."

इलियासने मान खाली घातली. ना 'मी नाही' म्हणाला, ना अंजनाकडे पाहिलं. निदान पाहिलं असतं तर बरं होतं.

"बाई," अंजनाचा आवाज एवढा बारीक निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "बाई, इलियासभाईंनी काही केलं नाही. म्हणजे केलंय की नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. मी नखं मोजलीच नव्हती. वहीतलं वाचून पाच लिहिलं."

"काय गो म्हणतेस?"

"आणि मघाशी इलियासभाईंनी विचारलं, तेव्हा आठवत नाही म्हणाले. तेही खोटं."

राजनला मराठी कळत नव्हतं, पण तो काही न विचारता बरणीवर वाकला. पंजाजवळ भिंग नेलं, बॅटरी तिरकी धरली. बराच वेळ.

"मॅडम, ये तो बहुत पुराना घाव है," तो म्हणाला. ओरखड्याच्या तळाशी मळ बसून काळा झाला होता, वर्षा-दोन वर्षांत असा बसत नाही. महालातली वस्तू कधी कोणा सरदाराला बक्षीस मिळायची. तेव्हा एक नख मुद्दाम घासून काढत, म्हणजे घेणाऱ्याची मान शाबूत राहायची. चिंग संपता संपता तर महालातलेच लोक भांडी मागच्या दाराने विकत होते, तेव्हा नखं घासत कोण बसतो? भीतीच उरली नव्हती. "जिसने ये घिसा," राजन म्हणाला, "वो डरता था. तख्त पक्का था तब."

त्याने पावती केली आणि 'चार नखं, जुना ओरखडा' असं लिहून बरणी नेली.

गाडीचा आवाज विरला तेव्हा नूरबानोबाई इलियासला म्हणाल्या, "तू राहशील." माफीबिफी नाही. मग अंजनाकडे वळल्या. "आणि बाकीची एकोणचाळीस? त्यांतली किती अशीच लिहिलीस?"

"ठाऊक नाही, बाई."

"साहेबांनी एकेक भांडं रात्ररात्र बघितलं होतं गो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. त्यांनी कार्डांची पेटी ओढून सगळी कार्डं टेबलावर पालथी केली. "फाड. सगळी नव्याने लिही. तुझ्या व्हिसाचं ती वाचल्यावर ठरवीन."

"उद्यापासून—"

"उद्या कशाला? यल्ला, चल, आत्ता."

अंजनाने कार्डं फाडली. इलियासने वरच्या फळीवरची ड्रॅगनची थाळी दोन्ही हातांनी उतरवून तिच्यापुढे ठेवली आणि तो स्वतःही वाकला.

"तीन," ती म्हणाली.

त्याने बोट न लावता मोजलं. "तीनच. लिवा."