घशात उतरलेला थेंब

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. आपण त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढतोय. तुमच्या हातात खाऊची पिशवी आहे. तेवढ्यात झाडावरून एक माकड थेट पिशवीवर झेप घेतं. छाती धाडधाड उडू लागते, तोंडाला कोरड पडते, श्वास भरभर चालू लागतो. आता सांगा, हृदयाला ‘पळ’ म्हणून तुम्ही सांगितलंत का? श्वासाच्या नळ्यांना ‘रुंद व्हा’ म्हणालात का? नाही ना? आपल्या आतल्या काही नसा आपल्याला न विचारताच हा कारभार बघतात. काही घाई करायला लावतात, काही ‘थांब, शांत हो’ म्हणतात. त्यांचा निरोप म्हणजे एक किल्ली. हृदयात आणि नळ्यांत कुलपं असतात, त्यांत ती जाऊन बसते. आणि पुष्कळ औषधं म्हणजे या किल्लीची नक्कल. काही कुलूप उघडतात. काही नुसती भोकात अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीला आत जाऊ देत नाहीत.

नाशिक रोडच्या मालनबाईंनी हा धडा चौतीस वर्षं शाळेत शिकवला, याच माकडाच्या गोष्टीनं. म्हणूनच पुढं जे झालं ते त्यांच्या जिवाला इतकं लागलं.

त्यांचा धाकटा भाऊ सावळीराम सुट्टीत नातीला, तेजलला घेऊन पिंपळगावहून चार दिवस राहायला आला होता. जन्मभर मार्केटात कांद्याची मापं केलेली, त्यामुळं धुळीनं दमा जडलेला. खिशात कायम पंप. काचबिंदू बहीणभाऊ दोघांनाही, पण सावळीराम आपली थेंबांची बाटली घरीच विसरला होता.

“विसरलास तर विसरलास,” मालनबाई म्हणाल्या. “माझी आहे की. दुखणं एक, आणि डोळे एकाच आईच्या पोटचे.”

“अगं अक्का, डॉक्टरनं मला वेगळी दिलीये. तिचं टोपण हिरवं हाय.”

“टोपण प्यायचंय का तुला? मान वर कर.”

त्यांच्या चाळीत औषध असंच फिरायचं. ज्या मायेनं भाजीची वाटी शेजारी जायची, त्याच मायेनं गुडघ्याचं मलम आणि खोकल्याची बाटलीही जायची. संध्याकाळी मालनबाईंनी भावाच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. सावळीरामनं तोंड वाकडं केलं. “कडू लागतंय गं घशात.”

तेजल अकरा वर्षांची. ती लगेच म्हणाली, “अक्काआजी, थेंब डोळ्यात टाकला तर आबांना घशात कडू कसं लागलं?”

चौतीस वर्षं अशा प्रश्नावर मालनबाईंनी मुलांना शाबासकी दिली होती. त्या दिवशी मात्र कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, भात लागायला आला होता. “गप गं, सारखं काय कसं नि का!” असं म्हणून त्या आत गेल्या. रात्री सावळीराम थोडा खोकला. सगळ्यांना ते रोजचंच वाटलं.

सकाळी पुन्हा थेंब टाकले. पंधरा-वीस मिनिटांत सावळीरामची छाती शिट्टी वाजवू लागली. त्यानं पंप ओढला. पुन्हा ओढला. एरवी दोन दमांत मोकळा होणारा माणूस खाटेची कड धरून ओणवा बसला. एक शब्द बोलायचा तर मध्ये दोन श्वास घ्यावे लागत होते. शेजारच्या मनोजनं रिक्षा काढली. निघताना तेजल एकदा आत पळत गेली आणि पळतच परत आली.

दवाखाना डॉक्टर उज्वलाचा. मालनबाईंच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसणारी ही मुलगी. तिनं सावळीरामला वाफेचं औषध लावलं आणि विचारलं, “बाई, यांना नवीन काही दिलं होतं? गोळी, काढा, काहीही?”

त्याच क्षणी मालनबाईंना आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ही बाटली लिहून देताना पेन थांबवून विचारलं होतं, ‘दमा नाही ना तुम्हाला?’ त्या हसून ‘नाही’ म्हणाल्या होत्या.

त्यांना सगळं कळलं. आणि तरी पहिल्या बाकावरच्या त्या मुलीसमोर त्यांची जीभ उचलेना.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नेहमीचंच.”

वाफ चालू होती. तिच्यातलं औषध म्हणजे नळ्या उघडणारी किल्ली, पण कुलपांची भोकं त्या थेंबांनी आधीच भरलेली. पाच मिनिटं गेली. सावळीरामचे ओठ काळसर दिसू लागले. उज्वलानं ऑक्सिजन वाढवला, पुन्हा छाती तपासली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “उतार का पडत नाहीये? ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल.”

तेजलनं फ्रॉकच्या खिशातून थेंबांची बाटली काढली. ती डॉक्टरांकडे गेली नाही. तिनं ती मालनबाईंच्या तळहातावर ठेवली आणि वर बघत उभी राहिली.

“उज्वला,” मालनबाई म्हणाल्या, “मी खोटं बोलले. माझे थेंब त्याच्या डोळ्यात टाकलेत मी. काल आणि आज.”

उज्वलानं बाटलीवरचं नाव वाचलं आणि ती कपाटाकडे वळली. “आता दुसऱ्या कुलपाकडून जायचं,” ती औषध भरता भरता म्हणाली. “नळ्या आवळायला सांगणारी जी नस आहे, तिचा निरोपच अडवू. तेजल, इकडे ये. हा मास्क आबांच्या गालांना घट्ट धरून ठेव. ही वाफ डोळ्यांत जाता कामा नये, त्यांना काचबिंदू आहे.”

तेजलनं दोन्ही हातांनी मास्क धरला. अर्ध्या तासानं शिट्टी मंदावली. दुपारी सावळीराम मास्क बाजूला करून म्हणाला, “अक्का, लहानपणी विहिरीत ढकललं होतंस, तेव्हा बी वाचलो होतो.”

सगळे हसले. मालनबाईंना हसता आलं नाही. उज्वला त्यांना एका शब्दानं बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “बाई, डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात एक बारीक वाट जाते. थेंब तिथून रक्तात उतरतो. टाकल्यावर कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरत जा.” ती वाट मालनबाईंनी फळ्यावर किती वेळा काढली होती! मुलं म्हणायची, रडलं की नाक का वाहतं, आणि त्या रंगीत खडूनं ती रेघ ओढून दाखवायच्या.

आता त्यांना थेंबाची चूक तेवढी टोचत नव्हती. चूक नकळत झाली होती. पण ती पाच मिनिटं, भाऊ श्वासासाठी झगडत असताना शाळेतल्या ‘बाईं’चा मान सांभाळत त्या गप्प राहिल्या होत्या, ती कुठल्या हिशेबात बसणार? आणि कुकरच्या शिट्टीपायी गप्प केलेला तो प्रश्न?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई खिडकीशी बसून स्वतःच्या डोळ्यांत थेंब टाकायला गेल्या. थेंब गालावर ओघळला.

“तेजल,” त्या म्हणाल्या, “परवा मी तुला गप्प केलं. तसं करायला नको होतं बाळा.”

तेजलनं बाटली त्यांच्या हातातून घेतली, एकेक थेंब नीट दोन्ही डोळ्यांत टाकला, आपली दोन बोटं त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांवर दाबून धरली, आणि मग तोच प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारला.