पडताळणी केली

जून महिना लागला की अमरावतीच्या त्या महाविद्यालयात सगळ्या प्राध्यापकांना ग्रंथालयाचा रस्ता आठवतो. एरवी वर्षभर तिकडे न फिरकलेली मंडळी हातात आपापले छापून आलेले लेख घेऊन ग्रंथपाल पौर्णिमा गवई यांच्या टेबलासमोर उभी राहतात. बढतीच्या अर्जाला लेख जोडायचा, तर त्यावर ग्रंथपालांचा शिक्का लागतो. ‘पडताळणी केली.’ खाली सही, तारीख. लेख कोणत्या नियतकालिकात आला, ते नियतकालिक खरं आहे का, हे सगळं ग्रंथपालांनी पाहिलं आहे, असा त्याचा अर्थ. तुमच्या-माझ्या कचेरीतही असा एखादा शिक्का असतोच.

पौर्णिमाताई शिक्के मारत. लेख उघडत नसत.

त्या आळशी होत्या असं मात्र कुणी समजू नये. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एका सरांचा लेख परत केला होता. ज्या नियतकालिकाचा पत्ता म्हणून एका भाजीबाजाराचं नाव छापलं होतं, ते त्यांना खरं वाटेना. त्यावर प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की मॅडम, तुमचं काम पुस्तकं सांभाळायचं, माणसं तपासायचं नाही. त्यानंतर स्टाफरूममध्ये त्या गेल्या की बोलणं थांबायचं. पूर्वी जुलैमध्ये प्राध्यापक त्यांच्याबरोबर बसून नवी पुस्तकं, नियतकालिकं निवडत, वाद घालत. तेही बंद झालं, मागच्या वर्षीचीच यादी मोबाइलवर येऊ लागली. पहिले दोन-तीन महिने पौर्णिमाताई घरी जाऊन रडल्या. मग रडू येईना. मग काहीच येईना. चांदूर रेल्वे या गावाहून सकाळी यायचं, शिक्क्याचा डबा उघडायचा, संध्याकाळी झाकायचा. राग नाही, आनंद नाही. दुखत नाही ना, मग बरंच आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शिक्का मारलेल्या लेखांची एक प्रत लाल रेक्झिनच्या बांधणीत एका कपाटात जाई. कपाटावर पाटी होती, ‘आपल्या प्राध्यापकांचे संशोधन’. संशोधन करणारी मुलं विश्वासानं आधी तेच कपाट उघडत.

यंदाच्या जूनमध्ये आकांक्षा आली. हिवरखेडची मुलगी, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करणारी. तिनं लाल बांधणीचा एक खंड टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“मॅडम, हे वापस घ्या. मी वरूडले जाऊन आली.”

त्या खंडात तिच्याच विभागाच्या शेखर चर्जन सरांचा लेख होता. संत्र्याच्या डिंक्या रोगावर. वरूडजवळच्या एका बागेतली बारा वर्षांची एकशे वीस झाडं, कोणत्या झाडाच्या खोडातून किती डिंक गळतो, कोणत्या औषधानं तो थांबतो, सगळं तक्त्यांत मांडलेलं. आकांक्षानं दोन वर्षांचं काम त्यावर उभं केलं होतं. आता पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा, तेव्हा ती बाग एकदा डोळ्यांनी पाहून यावी, झाडांचे फोटो काढावेत, म्हणून गेली.

“वावराचा मालक म्हणे, इथं संत्रा लावून तीनच वर्षं झाली. त्याच्या आंधी तूर होती.” तिनं खंडातल्या तारखेवर बोट ठेवलं. “सरचा लेख सहा वर्षाआंधीचा आहे.”

पौर्णिमाताईंनी लेखावरचा आपला शिक्का पाहिला. आत काही हललं नाही. त्यांनी विचारलं, की तू आधी का नाही गेलीस?

“तुमचा शिक्का होता ना मॅडम. मले वाटलं, कोणीतरी पाह्यलं असंन.”

तिनं तक्रार केली नाही. मांडीवरच्या दोन वर्षांच्या वह्या उचलल्या आणि गेली. पौर्णिमाताई त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिल्या.

वाचनकक्षात पेपर वाचत बसलेल्या किसनराव तायड्यांनी हे ऐकलं होतं. ते याच ग्रंथालयात तीस वर्षं परिचर होते. निवृत्त झाले तरी रोज फ्रेजरपुऱ्यातून सायकलवर येत. उठून टेबलाशी आले आणि त्यांनी विचारलं, आता काय करता? पौर्णिमाताई म्हणाल्या, काय करणार, मामा. सरांनी लिहिलं, छापणाऱ्यांनी छापलं, मी फक्त शिक्का मारला. माझ्या हातात काय आहे?

किसनराव खुर्ची ओढून बसले.

“तुमाले याद आहे का, पुस्तक वापस आलं का मी पानं मोजत होतो? लोक हासत मले. किसन, काहून टाइम घालवून राहिला म्हणत. एखांदं पान फाटलेलं दिसलं का मी मांगच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिवत होतो, पान बेचाळीस नाही.”

आठवत होतं. जुन्या पुस्तकांच्या मागे त्यांचं ते वेडंवाकडं अक्षर अजून होतं.

“पान काई माह्या लिवल्यानं वापस येत नव्हतं. पण पुढचा माणूस त्या पानाच्या भरवशावर बसत नव्हता. तुमी शिक्का मारला मॅडम, म्हंजे तुमी त्या पोरीले सांगतलं, का पान आहे. अन् पान तं नव्हतं.”

मग हळूच म्हणाले, “तुमाले त्रास झाला, मले मालूम आहे. पण तुमी गप बसल्या त्याचा त्रास तिले झाला.”

अकरा वर्षांत पौर्णिमाताईंना इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. त्यांनी फक्त पेन्सिल घेतली, खंडाचा मागचा पुठ्ठा उघडला आणि लिहिलं: ‘पृष्ठ अकरा ते सोळावरील लेख न वाचता मी शिक्का मारला. पडताळणी केलेली नाही. पौर्णिमा गवई, ग्रंथपाल.’

दुसऱ्या दिवशी चर्जन सर आले. पौर्णिमाताईंनीच फोन करून बोलावलं होतं. खंड उघडून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी ओळी वाचल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम, त्या वर्षी सगळेच करून राहिले होते. नऊ दिवसांत छापून आलं. कोणी वाचते थोडंच.”

“आकांक्षानं वाचलं, सर. वरूडच्या त्या वावरात ती उभी राहून आली.”

सरांनी त्या ओळींवर हात ठेवला. मग म्हणाले, की हे खोडा, पुढच्या आठवड्यात माझी बढतीची मुलाखत आहे.

पौर्णिमाताईंनी खोडरबर त्यांच्यासमोर सरकवलं. “पेन्सिलीनं लिहिलं आहे, सर. तुमीच खोडा. पण मग तिले काय सांगायचं, तेही तुमीच सांगा.”

सरांनी खोडरबर उचललं. हातात फिरवलं. विभागातली ती मुलगी रोज सकाळी दिसली की वाकून नमस्कार करायची, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि निघून गेले.

चार दिवसांनी ते परत आले ते कोमेजलेला चेहरा घेऊन. लेख मागे घेण्यासाठी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं. पण तिथे कुणीच नव्हतं. संकेतस्थळ बंद, फोन बंद, संपादक म्हणून छापलेला माणूस कुठे सापडेना. छापायला नऊ दिवस पुरले होते. मागे घ्यायला मात्र जगात जागाच नव्हती! होती ती एकच, या लाल खंडाच्या मागच्या पुठ्ठ्यावर.

सरांनी खिशातलं पेन काढलं. पौर्णिमाताईंच्या ओळींखाली लिहिलं: ‘हा लेख मी मागे घेतो. यातील झाडे मी पाहिलेली नाहीत. शेखर चर्जन.’ पेनानं लिहिलं, खोडता येऊ नये म्हणून. बढतीच्या अर्जातूनही तो लेख काढला. मग आकांक्षाला घेऊन संशोधन समितीपुढे गेले, चूक माझी आहे असं सांगितलं आणि तिला एक वर्ष मुदत वाढवून मागितली. मुदत मिळाली. वाया गेलेली दोन वर्षं मिळाली नाहीत. ती कुणीच परत देऊ शकत नव्हतं. आता आकांक्षा दर शनिवारी वरूडला जाते, खरी झाडं मोजते, आणि पुष्कळदा चर्जन सर तिच्याबरोबर टेप धरून असतात.

वाचकहो, आपण सगळे कुठे ना कुठे शिक्का मारतो. सही करतो, मान डोलावतो, चालू द्या म्हणतो. मनाला लागू नये म्हणून न वाचता मारतो. पण आपल्या शिक्क्याच्या भरवशावर कुणीतरी घरून निघतं आणि रिकाम्या वावरात जाऊन उभं राहतं. म्हणून मारण्याआधी वाचा. मारून बसला असाल, तर तसं लिहून ठेवा, स्वतःच्या नावानं.

पौर्णिमाताईंना अजून फारसं काही वाटत नाही. इतक्या वर्षांचं बधिरपण चार दिवसांत जात नसतं. पण त्यांनी ते लाल कपाट रिकामं केलं आहे, आणि किसनरावांना शेजारी बसवून एकेक खंड पहिल्या पानापासून वाचायला घेतला आहे. काल वनस्पतिशास्त्राच्याच एका सरांनी नवा लेख पुढे केला तेव्हा शिक्क्याचा डबा झाकलेलाच होता.

“बसा सर,” त्या म्हणाल्या. “ही झाडं कुठं आहेत, तेवढं सांगा.”