मुक्या सुराची पेटी

मित्रांनो, जळकोटच्या कमलबाईंच्या घरात कोनाड्याखाली जी जुनी पेटी दिसते, ती मी. गाण्याची पेटी बरं का, कपड्यांची नव्हे. माझा स्वभाव संशयी आहे, आणि तो उगीच झालेला नाही.

मिरजेच्या एका कारागिरानं मला सागवानात घडवलं. कमलबाईंचे मालक उत्तरेश्वर यांनी मला एसटीतून मांडीवर घेऊन घरी आणलं. ते भजनांना चाली लावायचे. शेजारी टाळ घेऊन त्यांचा मित्र बसवराज बसायचा. पुढं तो मुंबईला गेला आणि सिनेमाचा मोठा संगीतकार झाला. तो गेल्यावर उंदरानं माझ्यात बिऱ्हाड केलं आणि माझा गंधार, म्हणजे सा-रे-ग-म मधला 'ग', कायमचा मुका झाला. उत्तरेश्वर नुसते हसले. तो सूर ओलांडून, रिषभावरून थेट मध्यमावर उडी मारून त्यांनी एक चाल बांधली. सारं गाव तिच्यावर डोलायचं. काही वर्षांनी तीच चाल रेडिओवर ऐकू आली आणि नाव पुकारलं बसवराजचं. मालकांनी रेडिओ बंद केला. मी मात्र आतल्या आत जळले.

मालक गेले. माझ्यावर लसणाच्या जुड्या ठेवल्या जाऊ लागल्या. मग धाराशिवच्या कॉलेजात शिकवणारी अनिसा उत्तरेश्वरांचं चरित्र लिहायला आली. कमलबाईंनी तिला एकच सांगितलं, "पोरी, ती चाल कुणाची, तेवढं खरं लिही. लोकं मला खोटी म्हणत्यात."

अनिसानं बसवराजला पत्र पाठवलं. गुळगुळीत कागदावर गुळाहून गोड उत्तर आलं. त्यात बालपण होतं, टाळ होते, कमलबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी होती. चालीबद्दल अवाक्षर नव्हतं. तिनं पुन्हा, अगदी सरळ विचारलं. या वेळी उत्तर आलं, "ती चाल मला मुंबईत सुचली. गाव सोडल्यावर उत्तरेश्वरचं भजन कधी कानावर पडलं नाही. त्याच्या पेटीचा गंधार मुका आहे, याचं वाईट वाटतं. माणूस पाठवतो, सूर नवे बसवून देईल. खर्च माझा."

कमलबाई हरखल्या. "बग, मोठ्या माणसाचं मन बी मोठं! मालकाची पेटी पुन्हा वाजंल."

खरं सांगते, मलाही मोह झाला. मुकेपण कुणाला हवं असतं?

अनिसा मात्र पत्रावरून नजर काढेना. "काकू, हा गंधार कधी गेला?"

"बसवराज गेल्यावर. का गं?"

"मग त्यांना कसं कळलं? मी तर पेटीचं काहीच लिहिलं नव्हतं."

कमलबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. "म्हंजे त्यो आला हुता. गुपचूप ऐकून गेला."

पुढच्या आठवड्यात दारात गाडी थांबली. हत्यारांची पिशवी घेऊन कारागीर उतरला. कमलबाईंनी त्याला पाणी दिलं. माझ्यावरचा लसूण बाजूला केला, पदरानं मला पुसलं, आणि माझ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "न्हाय दादा, हिला मुकीच ऱ्हाऊ द्या. मालकांनी गंधार ओलांडून चाल का बांदली, त्याची साक्ष हीच हाय. त्यास्नी सांगा, हितं या आन् हिच्यावर ती चाल वाजवून दाखवा."

बसवराजचं तिसरं पत्र अजून आलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्यांची धूळ झाडा. पण त्यांना फुकटात नवं करून द्यायला कुणी फारच उतावीळ झाला, तर त्याला आधी बसवा, चहा पाजा आणि विचारा, बाबा रे, एवढी घाई कशाची?