दिव्याच्या मिशा

दहावाल्यांनी दुर्बिणीची काच पुन्हा एकदा पुसली आणि गाल रायफलच्या दस्त्याला टेकवला. आतला लाल ठिपका काही केल्या गोल होईना. ओल्या बोटानं कुणीतरी पसरवल्यासारखा, तिरका आणि शेपटी फुटलेला.

"मिस्त्री, ही दुर्बीण बाद झाली. ठिपका फाटलाय."

एके काळी त्यांची गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर जायचं नाव घेत नसे, म्हणून नेमबाजीच्या हॉलमध्ये ते सगळ्यांचे दहावाले. घरी आता हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. रविवारच्या सामन्यात गोळ्या भरकटल्या, तर इथल्या संघातली जागाही दुसऱ्याला जाणार होती.

रायफली दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं हात पुसले, दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढला.

"हा बघा. बटणासारखा गोल. दुर्बीण ठणठणीत आहे काका. फाटलंय ते तुमच्याकडचं."

"माझा डोळा? अरे, लोक शपथा घेतात या डोळ्याच्या!"

"घेऊ द्या की. तुम्ही आधी चष्मेवालीकडे जा. आणि नेम धरता तशी मान वाकवून दाखवा तिला, नाहीतर काचेच्या कडेतून बघत बसाल."

चष्मेवालीनं त्यांना खिडकीसमोरच्या बाकावर बसवलं, तपासणीची जड चौकट नाकावर चढवली. दहावाल्यांनी रिकाम्या हातांनी रायफल धरली, मान कलती केली. बाहेर दिवेलागण झाली होती. समोरच्या खांबावरच्या दिव्यातून दोन्ही बाजूंना लांब, तिरक्या रेघा फुटल्या होत्या.

त्यांचे हात तसेच हवेत राहिले.

संध्याकाळी गॅलरीत बसून बायको म्हणायची, "अहो, दिव्याला मिशा फुटल्या बघा. या ना जरा."

"तुझं आपलं काहीतरीच," ते पेपरामागून म्हणायचे. तिला वाटायचं, मिशा सगळ्यांनाच दिसतात. हेच मेले उठायचा कंटाळा करतात. पुढे पुढे ती एकटीच बघायची आणि हसायची.

चष्मेवालीनं चौकटीत काच बसवली, हळूहळू फिरवली. मिशा आखडल्या, वळल्या, मिटून गेल्या.

"आता?"

"गोल."

"मग काय! रविवारी दहाच दहा."

दहावाले दिव्याकडे बघत राहिले. स्वच्छ, वाटोळा, कुणाचाही असावा असा दिवा.

"बाई, ही काच जरा काढता?"

"का हो? टोचतेय?"

"नाही. थोडाच वेळ. मग बसवा परत."

तिनं काच काढली आणि नंबर लिहायला ती आत वळली. समोर दिव्याला पुन्हा मिशा फुटल्या. दहावाले बाकावर थोडे सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"आहेत गं," ते म्हणाले.

"मला काही म्हणालात?" आतून चष्मेवालीनं विचारलं.